न मोजलेली सही

प्रिय वेंडल,

फोनवर तू "बरं, ठेवतो" म्हणून मोकळा होतोस, आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. म्हणून कागदावर लिहितेय. तू कामाला आहेस त्या टायरच्या दुकानात मालकाच्या हातात पाकीट देईन. त्याच्यासमोर फोडू नकोस. जेवणाच्या सुट्टीत गाडीत एकटा असशील तेव्हा वाच. माझं अक्षर नेहमीचं नाही, हे तुला पहिल्याच ओळीत कळलं असेल. या आठवड्यात मला जो धक्का बसलाय त्यातून मी अजून सावरलेली नाही. काल ऑफिसातून निघाले ती थेट आपल्या जुन्या शाळेपाशी जाऊन पोचले, आणि गाडी तिथे कशी आली ते मलाच कळेना.

तुला माझी नोकरी म्हणजे कंटाळ्याची कमाल वाटते. जिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयात बसायचं आणि लोकांच्या सह्या मतदार यादीतल्या सह्यांशी ताडून बघायच्या. ग्लेनिस माझ्या समोर बसते. ती दुसऱ्या पक्षाची. प्रत्येक टेबलावर दोन्ही पक्षांचं एकेक माणूस हवंच, असा आमच्याकडचा नियम. एकमेकींवर लक्ष ठेवायला आम्हाला बसवलंय, पण इतक्या वर्षांत लक्ष ठेवलं ते फक्त एकमेकींच्या गुडघेदुखीवर. आणि कुणाची सही खरी, कुणाच्या बायकोनं ठोकून दिलेली, हे आता आम्हाला चष्म्याशिवायही कळतं. नवऱ्याच्या नावानं सही करणाऱ्या बायका या गावात किती आहेत म्हणून सांगू! त्यांना त्यात काही गैर वाटतच नाही. चाळीस वर्षं त्याच्या वतीनं त्याच्या आईला वाढदिवसाची कार्डं धाडली, मग इथेच काय झालं, असं त्या मलाच विचारतात.

मोटेलचा ठराव नगरपालिकेत मंजूर झाला तेव्हा तू मला फोन केलास. लेकव्ह्यू मोटेल, जिथून तळं कधीच कुणाला दिसलं नाही, तिथे घर नसलेल्यांसाठी खोल्या करायच्या. तू म्हणालास, "मी अर्ज केलाय. माझा नंबर वर आहे." आणि लगेच म्हणालास, "आईला सांगशील तर बघ." मी शब्द दिला. दोन हिवाळे तू गाडीत काढतोयस, हे मला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. ते तिच्यापासून लपवणं मला जमलं, कारण ती तुझं नावच काढत नव्हती. बाबांच्या अंत्यविधीला तू उशिरा आलास, पिऊन आलास, आणि चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्या गावादेखत तिनं तुला "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस" म्हणून सांगितलं. त्यानंतर चार वर्षं त्या घरात तुझा उल्लेख नाही. तू दारू सोडलीस हेही मी तिला सांगू शकले नाही. सांगायला सुरुवात केली की ती उठून नळ सोडायची, भांडी असोत वा नसोत.

ठराव मंजूर झाल्यावर तो अमलात यायला तीस दिवस लागतात. तेवढ्यात पुरेशा मतदारांच्या सह्या जमल्या तर ठराव तिथेच थांबतो आणि नोव्हेंबरच्या मतदानात गाव ठरवतं, ठेवायचा की मोडायचा. ठरावावर 'तातडीचा' असा शेरा मारला असता तर हा मार्गच बंद झाला असता. एका नगरसेवकानं तसं सुचवलंही होतं. पण आपल्या महापौरबाई म्हणाल्या, "लोकांना माझ्याशी भांडायचं असेल तर भांडू दे, दार कशाला लावायचं?" मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. कारण मोटेलचा मालक नोव्हेंबरपर्यंत थांबणार नाही, दुसऱ्याला विकून मोकळा होईल, हे सगळ्यांना माहीत होतं. सह्या पुऱ्या झाल्या असत्या तर मतदान होण्याआधीच तुझी खोली गेली असती.

आणि सह्या गोळा करायला आपली आईच उतरली.

त्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला होते. कोबीच्या पानातल्या भाताच्या गुंडाळ्या वाढता वाढता तिनं मला ही बातमी सांगितली, जणू काही चर्चच्या गायनात पुन्हा जायला लागलेय असं सांगावं तशी. "मोटेलात माणसं येणार म्हणे. ज्यांना स्वतःच्या आईनं घरात घेतलं नाही त्यांना मी शेजारी घेऊ?" वेंडल, मी घास चावायचीच थांबले. तिला वाटलं भात कच्चा राहिलाय. खरं सांगायची सोय नव्हती. एक तर तुला शब्द दिलेला, दुसरं म्हणजे आमच्या नोकरीत अशा गोष्टींत कुठलीच बाजू घेता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "आई, तिथे कोण येणार ते तुला काय माहीत?" ती म्हणाली, "आणि तुला काय माहीत?" मी पाणी प्यायले.

तिच्या बाजूचंही लिहायला हवं. ती दुष्टपणानं नव्हती करत. शेजारच्या गॅरेजात चोरी झाली, रुळाजवळ कुणीतरी शेकोटी पेटवून कुंपण जाळलं. ती एकटी राहते, आणि बाबा गेल्यापासून कुणी तिला कशासाठी बोलावलंच नव्हतं. गवत कापायच्या यंत्रांचं दुकान असलेला ऑर्व्हिल या सगळ्यांचा पुढारी. त्यानं तिला सांगितलं, "लोइस, तू चर्चच्या दारात बसलीस तर गावात कुणाची नाही म्हणायची छाती नाही." ती खुलली. सह्या कशा घ्यायच्या ते त्यानं सगळ्यांना शिकवलं. सही करणारा तुमच्या डोळ्यांदेखत सही करतोय हे बघायचं, सह्यांचा कागद लावलेली फळी कुठे ठेवून जायचं नाही. शेवटी खाली लिहायचं की माझ्यासमक्ष इतक्या सह्या झाल्या, आणि त्याखाली आपली सही. खोटं लिहिलं तर गुन्हा, असं तिथे ठळक छापलेलंच असतं. बाकीच्यांनी ते कानाआड केलं. आपल्या आईनं मात्र इतकं मनावर घेतलं की बाथरूमला जातानाही ती फळी काखेत मारून न्यायची. चर्चच्या बायका म्हणायच्या, "लोइस, आत कोण सही देणारे गं तुला?"

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ऑर्व्हिलनं गठ्ठा आणून दिला आणि तो आमच्या टेबलावर आला. मी साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं की आईचे कागद मी तपासणार नाही. ते ग्लेनिस आणि पलीकडच्या टेबलावरचा माझ्या पक्षाचा एकजण बघतील असं ठरलं. मी माझ्या वाटणीच्या कागदांना लागले. थोड्या वेळानं ग्लेनिस म्हणाली, "नोरीन, ट्रॉली स्ट्रीटवर तुझ्या आईच्या घरात आणखी कुणी राहतं का?" मी म्हटलं, "नाही गं, ती एकटीच." आणि तिनं मला काही दाखवायच्या आधीच माझी नजर तिच्या कागदावर गेली.

तुझी सही. तोच तिरका डब्ल्यू, पुढची सगळी अक्षरं एका रेघेत लोळलेली, शाळेतल्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकायचास तशी घाईची. समोर पत्ता, आपलं घर. मतदार यादीत तू तो कधी बदललाच नव्हतास आणि सही यादीतल्या पत्त्यानंच करावी लागते, हे मी दिवसातून शंभर वेळा लोकांना सांगते. तरी तो पत्ता तुझ्या अक्षरात वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. तू. मोटेलाच्या विरोधात. आईच्या कागदावर, शेवटच्या ओळीत.

मला आधी वाटलं कुणीतरी तुझी थट्टा केलीय. मग वाटलं, तू पुन्हा प्यायला लागलास. माफ कर, पण हेच मनात आलं. मग वाटलं, वाचलं नसशील. पण तू तर लहानपणी ओटच्या डब्याची मागची बाजूसुद्धा वाचल्याशिवाय चमचा उचलायचा नाहीस. तू वाचलं असणारच. जी खोली मिळावी म्हणून दोन हिवाळे थांबलास, ती नको म्हणून तू स्वतःच्या हातानं सही केलीस, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस. मी तुझ्या सहीकडे बघत होते आणि ग्लेनिस माझ्याकडे. मग ती हळूच म्हणाली, "जा, जरा बाहेर जाऊन आपल्याला कॉफी आण. माझ्यात दूध जास्त." ती कॉफीत दूध घालत नाही.

मी परत आले तेव्हा ती पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एकेक सही मोजत होती. पुन्हा पहिल्यापासून. मग पलीकडच्या माणसानं मोजल्या. आईनं खाली जो आकडा लिहिला होता, त्याहून कागदावर एक सही जास्त होती. तुला हे क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे हे क्षुल्लक नाही. आकडा जास्त लिहिला तर चालतो, काही ओळी रिकाम्या राहिल्या असं धरतात. कमी लिहिला तर अख्खा कागद बाद. कारण मग त्या शपथेनंतर कुणीतरी मागून नाव घुसडलेलं असू शकतं, आणि ते कुठलं नाव हे कुणी सांगावं? एका सहीपायी त्या कागदावरचे सगळे शेजारी, चर्चच्या जेवणात मासे खायला आलेले सगळे म्हातारे, पाद्रीबाबांची बहीण, सगळे गेले. आणि पूर्ण गठ्ठा मोजून झाला तेव्हा नेमका त्या एका कागदानं ठरावाविरुद्धचा अर्ज तोकडा पडला. नवीन सह्या जोडायला दिवस उरले नव्हते. निवडणूक मंडळाची बैठक झाली, दोन्ही पक्षांनी एकमतानं हात वर केले, ठराव कायम झाला. मी मागच्या बाकावर बसून ते हात वर होताना पाहिले. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त थंडी वाजत होती.

बाहेर ऑर्व्हिल गाडीपाशी उभा होता. तो मला म्हणाला, "तुझ्या आईला मोजता येत नाही का गं? पूर्वी शाळेच्या करासाठी तीच सह्या गोळा करायची, आणि आता? का तूच काहीतरी..." मी सरळ गाडीत बसले. तिला मोजता येतं, हे मलाही ठाऊक होतं. तिनं मुद्दाम केलं. तुझी सही बघून, तुझ्यासकट सगळा कागद तिनं बुडवला. मी गाडी तिच्या घरी घातली ती हा प्रश्न तोंडात घेऊनच.

ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. ऑर्व्हिलचा फोन तिला माझ्याआधीच पोचला होता. मला बघून म्हणाली, "तू पण विचारणारेस का मला मोजता येतं का? येतं. त्याला तेच सांगितलं. येतं म्हणूनच तेवढाच आकडा लिहिला." मी खुर्चीत बसले. आणि मग तिनं मला सांगितलं, साल काढता काढता, माझ्याकडे न बघता. ते मी तुला जसंच्या तसं लिहिते, कारण तुझ्या बाजूनं ते तुला दिसलं नसेल.

चर्चच्या तळघरातलं शुक्रवारचं मासे-जेवण. ती जिन्याशी टेबल टाकून बसलेली. रांग हलत होती, ती मान खाली घालून एकेकापुढे पेन करत होती. "पुढचा माणूस आला म्हणून मी पेन पुढे केलं. आधी हात ओळखला. अंगठ्याचं ते वाकडं नख. मग वर बघितलं." तू म्हणालास, "मासा आहे का अजून?" ती म्हणाली, "कॉड संपला. पर्च आहे." चार वर्षांनंतर तुम्हा दोघांचं एवढंच बोलणं, वेंडल! मी रडावं की हसावं ते मला कळेना, आणि तीही एकदम थांबून म्हणाली, "पर्च होता का, तेसुद्धा मला नक्की माहीत नव्हतं." तू वाकलास, सही केलीस, पेन परत ठेवलंस आणि जेवण न घेताच वर निघून गेलास.

मी विचारलं, "मग त्याची सही मोजली का नाहीस?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मीच या नोकरीत नवी आहे. "खाली काय लिहिलंय? माझ्या डोळ्यांदेखत झालेल्या सह्या. त्याची सही होताना मी कागदाकडे बघितलंच नाही. मी त्याच्याकडे बघत होते. किती वाळलाय. कानामागे केस पांढरे झालेत. मग बघितली असं शपथेवर कसं लिहू?" आणि सुरी खाली ठेवून म्हणाली, "बाकीच्या सगळ्या बघितल्या. तेवढ्या लिहिल्या. त्यात काय चुकलं?"

काहीच चुकलं नव्हतं. इतक्या वर्षांत आमच्या टेबलावर हजारो कागद आले. प्रत्येकाच्या खाली ती शपथ आणि ती करणाऱ्यांतले निम्मे सह्या होताना कॉफी पीत असतात, हे मला आणि ग्लेनिसला पक्कं ठाऊक आहे. ते वाक्य छापलंय तसं, शब्दन् शब्द पाळणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं, आणि ती आपली आई निघाली. कागद बाद होईल हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. तिनं शेजाऱ्यांची एकेक करून नावं घेतली, त्यांची माफी मागावी लागेल म्हणाली. मोटेलाबद्दल तिचं मत बदललंय असं समजू नकोस. "तिथे नको म्हणजे नको," हे ती त्याच दमात बोलली.

मग तिनं पुन्हा बटाटा हातात घेतला आणि विचारलं, "मी त्याच्या मागून जिना चढून वर गेले होते. तो गाडीत बसला. मागच्या काचेला उशी टेकलेली होती. दाढीचा ब्रश होता. कुणाची गं ती उशी?"

मी शब्द मोडला नाही. तिनं बटाटा पूर्ण सोलला, त्याचे डोळे काढले, पाण्यात टाकला, दुसरा घेतला, आणि मी अजून बोलले नव्हते. तेव्हा तिनं नळ सोडला. पण या वेळी ती नळापाशी उभी राहिली नाही. मागे येऊन माझ्या खुर्चीला धरून उभी राहिली. पाणी तसंच वाहत होतं. तिचा हात माझ्या खांद्यावर ओला लागला. ती म्हणाली, "ज्यांना आईनं घरात घेतलं नाही, असं मी या टेबलावर बसून बोलले होते ना?" मी म्हटलं, "हो." खोटं बोलता आलं असतं. बोलवलं नाही.

तू ती सही का केलीस, हे मी तुला विचारणार होते. पत्र सुरू करताना तोच प्रश्न होता. आता नाही विचारत. तिनं पेन पुढे केलं आणि तू ते घेतलंस. दुसऱ्या कुणी पुढे केलं असतं तर तू ते घेतलं नसतंस, एवढं मला कळतं.

आता मी हे का लिहितेय ते. तुझी खोली पक्की आहे. पहिल्या तारखेला चावी मिळेल, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला. हे तुला कळवायला फोन पुरला असता. पण काल आईनं मला विचारलं, "पहिल्या दिवशी मी गेले तर तो दार उघडेल का?" मी म्हटलं, तूच विचार त्याला. ती म्हणाली, "मी काय म्हणून विचारू? पायऱ्यांवर जे बोलले ते सगळ्या गावानं ऐकलंय. तू विचार. आणि नाही म्हणाला तर मला तसं सांग, गोडगोड करून नको." तिला खोलीची खिडकी उघडते का ते बघायचंय. अशा मोटेलांच्या खिडक्या रंगानं चिकटून बसलेल्या असतात म्हणे, आणि तुला लहानपणापासून बंद खोलीत झोप येत नाही. कोबी घालून लोण्यात परतलेल्या शेवया आणणार आहे, ते तर तिनं मला न विचारताच ठरवलंय. तेव्हा वेंडल, हो असेल तर हो कळव, नाही असेल तर नाही. पण गप्प राहू नकोस. तू कळवलं नाहीस तरी ती त्या दिवशी येईल, मी ओळखते तिला. फक्त तू बोलावल्याशिवाय जिना चढणार नाही. खाली उभी राहील, शेवया गार होईपर्यंत आणि त्यानंतरही.

उत्तराची वाट बघणारी, तुझीच

नोरीन